दोन सेंटांचा पोस्टमन

अमेरिकेचं पहिलं टपाल तिकीट कोणतं, असं विचारलं की तिकिटं जमवणारा माणूस १८४७ साल सांगतो. त्या वर्षी १ जुलैला तिथल्या टपालखात्यानं दोन तिकिटं काढली. पाच सेंटांवर बेंजामिन फ्रँकलिन, दहा सेंटांवर जॉर्ज वॉशिंग्टन. कॅटलॉगात क्रमांक एक आणि दोन हेच, आणि उत्तर म्हणून ते चूकही नाही. पण त्याच्या साडेपाच वर्षं आधी न्यूयॉर्कमध्ये एक तिकीट विकलं जात होतं, पत्रांवर चिकटवलं जात होतं, त्यावर शिक्के बसत होते. तेही वॉशिंग्टनचंच चित्र असलेलं, काळ्या शाईत छापलेलं. वर ‘सिटी डिस्पॅच पोस्ट’ आणि खाली ‘थ्री सेंट्स’. ते काढलं होतं एका खासगी माणसानं. अलेक्झांडर ग्रेग त्याचं नाव. तारीख १ फेब्रुवारी १८४२. ब्रिटनच्या पेनी ब्लॅक तिकिटाला तेव्हा एकवीसच महिने झाले होते. ब्राझीलची तिकिटं यायला दीड वर्ष होतं, आणि मुंबई इलाख्यातल्या सिंध प्रांतात ‘सिंध डाक’ उमटायला अजून दहा वर्षं. साऱ्या अमेरिका खंडांतलं हे पहिलं चिकटवायचं तिकीट.

ग्रेगनंतरच्या वीस वर्षांत अमेरिकेच्या मोठ्या शहरांत अशा खासगी टपालांचं पेवच फुटलं. कुणी दहा-पंधरा वर्षं टिकलं, कुणी काही महिन्यांत गुंडाळलं. जवळजवळ प्रत्येकानं आपली तिकिटं छापली. संग्राहक त्यांना ‘लोकल्स’ म्हणतात. सरकारी पोस्टमननी काढलेल्या किंवा त्यांच्यासाठी निघालेल्या तिकिटांना ‘कॅरिअर्स’ म्हणतात. दोन्हींचा मिळून हा जो प्रांत आहे, तो तिकीटसंग्रहातला सर्वांत अवघड आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा प्रांत आहे. घरोघरी पत्र पोचवण्याची जी सोय आपण सरकारचीच म्हणून गृहीत धरतो, ती आधी कुणी करून दाखवली याचा कागदोपत्री पुरावा या तिकिटांवर आहे.

त्या काळची टपालव्यवस्था डोळ्यांसमोर आणल्याशिवाय ग्रेगचं काम कळत नाही. सरकारी टपाल म्हणजे एका पोस्टातून दुसऱ्या पोस्टापर्यंत. पत्र गावच्या पोस्टात येऊन पडायचं. आपलं काही आलं आहे का, हे लोकांनी जाऊन विचारायचं. कुणी न नेलेल्या पत्रांच्या याद्या वर्तमानपत्रांत छापून यायच्या. दर अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर. तीस मैलांपर्यंत एका कागदाला सहा सेंट, दीडशे ते चारशे मैलांना पावणेएकोणीस, त्यापुढे पंचवीस. दोन कागद घातले की दुप्पट. लिफाफासुद्धा कागदातच मोजला जाई, म्हणून लोक पत्राचीच घडी घालून तिच्या पाठीवर पत्ता लिहीत. पैसे बहुधा पत्र घेणारा देई. मोठ्या शहरांत पोस्टमन होते, पण त्यांना पगार नव्हता. १८२५ च्या कायद्यानं त्यांना प्रत्येक पत्रामागं दोन सेंटांपर्यंत घेण्याची मुभा होती आणि त्यावरच त्यांचं घर चालायचं. ज्याला दोन सेंट वाचवायचे असत तो स्वतः पोस्टात जाई. आणि न्यूयॉर्कमधल्या माणसानं न्यूयॉर्कमधल्याच माणसाला पत्र लिहिलं, तर ते नेऊन देण्याची धड व्यवस्थाच नव्हती. शहर तीन लाखांच्या पुढं गेलेलं, बँका, वखारी, दलाल, वकील एकमेकांना रोज चिठ्ठ्या पाठवणारे, आणि त्या पोचवायला घरचा नोकर किंवा रस्त्यावरचा पोरगा.

कल्पना ग्रेगची एकट्याची नव्हती. हेन्री थॉमस विंडसर नावाचा लंडनचा व्यापारी तेव्हा नदीपलीकडं होबोकेनला राहत होता. रोलंड हिलच्या टपालसुधारणेनं लंडनमध्ये काय घडलं ते त्यानं पाहिलं होतं. तिकडं पेनीचं तिकीट लावून पत्र पेटीत टाकलं की काम झालं, मग इथं का नको? विंडसरची योजना, ग्रेग कारभारी. कचेरी ४६, विल्यम स्ट्रीट. शहरात ठिकठिकाणी पत्रपेट्या ठेवल्या. साडेआठ, साडेबारा आणि साडेतीनच्या आत टाकलेली पत्रं नऊ, एक आणि चार वाजता वाटायला निघणार. दर तीन सेंट. तिकिटं डझनाला छत्तीस सेंट, आणि एकदम शंभर घेतली तर अडीच डॉलर. या घाऊक दरावरूनच गिऱ्हाईक कोण अपेक्षित होतं ते दिसतं. शंभर तिकिटं घरगुती माणूस घेत नाही, पेढी घेते.

तिकिटं रॉडन, राइट अँड हॅच यांनी कोरून छापली. नोटा आणि रोखे छापणारी ही नावाजलेली मंडळी, पुढं १८४७ ची सरकारी तिकिटंही त्यांच्याच वारसदार पेढीनं केली. एका तावात बेचाळीस तिकिटं. सुरुवातीची वेळही नेमकी साधली होती. दोन आठवड्यांवर व्हॅलेंटाइनचा दिवस होता आणि प्रेमपत्र घरच्या नोकराच्या हाती द्यायला कोण तयार होईल? त्या काळच्या शहरी टपालांचा फेब्रुवारीतला धंदा वर्षातला सर्वांत तेजीचा असायचा. संग्राहकांच्या हाती आज आलेल्या या तिकिटांच्या पाकिटांत नक्षीदार व्हॅलेंटाइन पाकिटं बरीच आहेत, त्याचं कारण हेच. व्यापारी चिठ्ठी काम झाल्यावर टाकून दिली जाते, प्रेमाची चिठ्ठी पेटीच्या तळाशी जपली जाते.

ग्रेगच्या शिक्क्यात चौकटीत ‘फ्री’ हा शब्द असे. नवखा माणूस तो पाहून बुचकळ्यात पडतो. तीन सेंटांचं तिकीट लावलं आहे आणि वर फुकट म्हटलं आहे! पण तो शिक्का पत्र घेणाऱ्यासाठी होता. तुम्ही आता काही द्यायचं नाही, पैसे आधीच आले आहेत. पत्र घेणाऱ्यानंच पैसे मोजायचे ही सवय इतकी हाडीमाशी भिनलेली होती, की ते छापून सांगावं लागत होतं.

टपालखात्याला हे जाचणार हे उघड होतं. पण त्या वेळी खात्यानं जे केलं ते मला आजही नवलाचं वाटतं. खटला न भरता त्यांनी ग्रेगचा धंदाच विकत घेतला. १६ ऑगस्ट १८४२ पासून तीच कचेरी ‘युनायटेड स्टेट्स सिटी डिस्पॅच पोस्ट’ झाली आणि ग्रेगची नेमणूक सरकारी पोस्टमन म्हणून झाली. सुरुवातीला ग्रेगचीच तिकिटं वापरली गेली. फरक एवढाच, की ‘फ्री’च्या जागी आठ बाजूंच्या चौकटीतला ‘यू. एस.’ हा शिक्का आला. तेव्हा एकच तिकीट दोन वेगवेगळ्या टपालांचं ठरतं, आणि कोणाचं ते केवळ शिक्क्यावरून सांगता येतं. शिक्का नसलेलं कोरं तिकीट याबाबतीत मुकं आहे. नंतर खात्यानं आपल्या नावाची नवी तिकिटं काढली. आधी साध्या रंगीत कागदावर, मग चकाकणाऱ्या निळ्या-हिरव्या कागदावर. म्हणजे चिकटवायचं तिकीट काढणारं अमेरिकी सरकार १८४७ मध्ये नव्हे, १८४२ मध्येच उभं राहिलं. ते फक्त एका शहरापुरतं होतं म्हणून कॅटलॉगाच्या पहिल्या पानावर त्याला जागा नाही. मला विचाराल तर असायला हवी.

सरकारचा हा प्रयोग फार चालला नाही. १८४४ मध्ये जॉन बॉइडनं ‘बॉइड्स सिटी एक्स्प्रेस’ काढली आणि दर ठेवला दोन सेंट. सरकारचे तीन. पेढ्या बॉइडकडं वळल्या. खात्यानं पुढं दर उतरवून दोन सेंटांवर आणला, जुन्या तिकिटांवर लाल रंगात २ चा आकडा घातला, पण गेलेलं गिऱ्हाईक परतलं नाही. १८४६ च्या नोव्हेंबरात सरकारी शहर टपाल बंद पडलं. बॉइड मात्र टिकला. पृथ्वीच्या गोलावर बसलेला गरुड हे त्याचं चिन्ह, ‘स्पीड द पोस्ट’ हे त्याचं ब्रीद. चकचकीत हिरव्या कागदावरचं ते बॉइडचं तिकीट या प्रांतातलं सर्वांत ओळखीचं. १८६० मध्ये धंदा ब्लॅकहॅम कुटुंबाकडं गेला आणि बँकांच्या सूचना वाटणं, पत्ते लिहून देणं अशा कामांवर बॉइडचं नाव थेट १९११ पर्यंत चाललं.

पण माझा जीव जडला आहे तो फिलाडेल्फियाच्या टपालावर. तिथं १८४२ च्या अखेरीस ‘फिलाडेल्फिया डिस्पॅच पोस्ट’ सुरू झालं आणि १८४३ मध्ये त्यांनी एक शिळाछापाचं तिकीट काढलं. त्यावर ना राजा, ना राष्ट्राध्यक्ष, ना आकडा. एक निरोप्या झपाझप चालला आहे, खांद्यावर टपालाची थैली, आणि त्याची टांग एका खांबांच्या इमारतीवरून पलीकडं पडते आहे. ती इमारत म्हणजे फिलाडेल्फियाचं मर्चंट्स एक्स्चेंज. विल्यम स्ट्रिकलँडनं बांधलेलं, गोलाकार पुढल्या अंगाचं, आजही उभं आहे. आणि त्या वेळी सरकारी पोस्ट याच एक्स्चेंजमध्ये होतं. खासगी टपालाचा माणूस सरकारी पोस्टावरून ढांग टाकून जातो आहे, असं चित्र त्यांनी सरकारच्या नाकावर टिच्चून तिकिटावर छापलं. जगातलं पहिलं खरंखुरं चित्रमय तिकीट म्हणून अनेक अभ्यासक याच्याकडे बोट दाखवतात. छपाई ओबडधोबड आहे, निरोप्याचं नाक-डोळं शाईत बुडालेलं आहे, पण त्या टांगेतला आवेश पावणेदोनशे वर्षांनंतरही जाणवतो.

१८४५ मध्ये हा धंदा डॅनियल ओटिस ब्लड यानं घेतला. त्यानं ढांग टाकणारा निरोप्या तसाच ठेवून खाली आपल्या पेढीचं नाव घातलं. पुढच्या सतरा वर्षांत ब्लडच्या तिकिटांचे कितीतरी प्रकार निघाले. त्यांतला एक जवळून बघण्यासारखा आहे. तळहातावर ठेवलं तर नखाएवढं दिसेल असं एक तिकीट: काळा, तुळतुळीत कागद आणि त्यावर कांस्याच्या झळाळीची अक्षरं. अशा कागदावर शाईचा शिक्का दिसणार कसा? आणि दिसला नाही तर तेच तिकीट सोडवून कुणी पुन्हा चिकटवील. म्हणून ब्लडच्या माणसांनी शाईऐवजी आम्ल वापरलं. आम्ल पडलं की झळाळी मरते आणि तिथं काळपट डाग उरतो. तोच रद्द झाल्याचा शिक्का. आज भिंगाखाली धरलं तर त्या डागाची कड एखाद्या ओघळासारखी वेडीवाकडी दिसते आणि क्वचित खालच्या पाकिटाच्या कागदालाही त्याची झळ लागलेली असते. अशी झळ लागलेलं पाकीट मिळणं म्हणजे भाग्य. तिकीट नंतर कुणी आणून चिकटवलेलं नाही, त्याच पाकिटावर त्याच दिवशी होतं, याचा त्याहून चांगला साक्षीदार नाही.

‘कव्हर’ हा शब्द आपल्याकडच्या संग्राहकांच्याही तोंडी असतो. तिकीट, शिक्के, पत्ता यांसकट जसंच्या तसं पाकीट. सुट्या तिकिटापेक्षा कव्हराला मान जास्त, हे सगळीकडंच खरं. पण लोकल्सच्या बाबतीत ते आवडीनिवडीवर सोडता येत नाही. १८५१ नंतर देशभराचं पत्र आधी पैसे भरल्यास तीन सेंटांत जाऊ लागलं. तेव्हापासूनच्या फिलाडेल्फियाच्या पाकिटांवर बघा. उजव्या कोपऱ्यात सरकारचं लाल तीन सेंटांचं वॉशिंग्टन, आणि डावीकडं किंवा शेजारी ब्लडचं एका सेंटाचं. ब्लडचं तिकीट पत्र घरापासून मोठ्या पोस्टापर्यंत नेण्यासाठी, सरकारचं तिथून पुढं बॉस्टन किंवा बाल्टिमोरपर्यंत. एकाच कागदावर दोन टपालं आपापला पल्ला सांगतात. बारीकसारीक तारखांवरून कळतं की ब्लडच्या माणसानं सकाळी उचललेलं पत्र दुपारच्या गाडीला लागलं. सुटं तिकीट यातलं काही सांगत नाही.

शहराशहरांमधली पत्रं नेणाऱ्या कंपन्यांची गोष्ट वेगळी आणि थोडक्यात सांगण्यासारखी आहे. आगगाडी आली, आगबोटी आल्या, आणि सरकारी दर मात्र घोड्यांच्या जमान्यातले राहिले. मग पेढ्यांचे लोक प्रवाशाच्या वेशात बॅगा भरून पत्रं नेऊ लागले. आपल्या मुंबई-सुरतेच्या आंगडियांची आठवण यावी असंच ते काम. हेल, पॉमरॉय, असे बरेच होते. पण लायसँडर स्पूनर हा त्यांतला न्यारा माणूस. वकील, पुढं गुलामगिरीचा कट्टर विरोधक म्हणून गाजलेला. जानेवारी १८४४ मध्ये त्यानं ‘अमेरिकन लेटर मेल कंपनी’ लपूनछपून नव्हे तर जाहिरात देऊन काढली, एका डॉलरला वीस तिकिटं लावली, आणि खासगी टपालाला बंदी घालणारे कायदे घटनेविरुद्ध आहेत अशी पुस्तिका छापली. त्याचा मुद्दा साधा होता. घटनेनं काँग्रेसला पोस्ट उभारण्याचा अधिकार दिला, इतरांना मज्जाव करण्याचा नव्हे. त्याच्या माणसांना अटक झाली, खटल्यांच्या खर्चानं कंपनी काही महिन्यांत मेटाकुटीला आली. पण १८४५ च्या कायद्यानं १ जुलैपासून सरकारनं तीनशे मैलांपर्यंत पाच सेंट आणि पुढं दहा असा दर आणला, तो अशा कंपन्यांच्या स्पर्धेमुळंच. त्याच कायद्यानं शहराशहरांमधली खासगी पत्रवाहतूक बंद केली. कंपन्या मेल्या आणि त्यांची मागणी मान्य झाली.

शहराच्या आतली टपालं मात्र वाचली, कारण बंदी ‘टपालमार्गां’वर होती आणि शहरातला रस्ता टपालमार्ग ठरतो का, हे नक्की नव्हतं. या फटीत ब्लड आणि बॉइड पंधरा वर्षं जगले.

त्याच काळात सरकारी पोस्टमनही आपली तिकिटं काढत होते, आणि हा भाग बहुतेक लेखांत निसटतो. पगार नसलेला पोस्टमन म्हणजे एका अर्थी ठेकेदारच. दक्षिण कॅरोलिनातल्या चार्ल्स्टनला १८४९ मध्ये जॉन ऑनर याला पत्रं वाटण्याचं काम मिळालं. पुढं त्यात किंगमन आला, मग मार्टिन, स्टाइनमायर. प्रत्येकानं स्वतःच्या नावाची तिकिटं छापली. चित्र नाही, कोरीव काम नाही. छापखान्यातले खिळे जुळवून, भोवती नक्षीची पट्टी लावून तयार केलेली. खिळे हातानं जुळवलेले म्हणून एका तावातली दोन तिकिटं तंतोतंत सारखी नाहीत. कुठं टिंब उडालेलं, कुठं एखादं अक्षर दुसऱ्या वळणाचं. बॉस्टननं ‘पेनी पोस्ट पेड’ एवढंच छापलं. बाल्टिमोरनं घोडेस्वार काढला. १८५१ मध्ये वॉशिंग्टनच्या खात्यानं सगळ्या शहरांसाठी म्हणून फ्रँकलिनचं आणि पाठोपाठ गरुडाचं अशी दोन कॅरिअर तिकिटं काढली, ती पोस्टमनच्या एका सेंटासाठी. पण ती फार थोड्या शहरांत चालली. पोस्टमनना आपली वहिवाट सोडवेना.

‘जॉन एच. ऑनर’ हे एका साध्या पोस्टमनचं नाव आज जगभरच्या कॅटलॉगांत आहे. चार्ल्स्टनच्या रस्त्यांतून उन्हातान्हात दोन सेंटांवर पत्रं वाटणारा माणूस. त्या काळच्या किती पोस्टमनची नावं कुठं उरली असतील? टपालाच्या इतिहासात पोस्टमास्टर जनरलांची नावं ओळीनं मिळतात. पत्र दारापर्यंत नेणाऱ्याचं नाव मिळतं ते फक्त इथं.

शेवट कायद्यानं झाला. १८६० मध्ये पोस्टमास्टर जनरल जोसेफ होल्ट यानं न्यूयॉर्क, बॉस्टन, फिलाडेल्फियाचे रस्ते टपालमार्ग असल्याचं जाहीर केलं. ब्लडचा धंदा तेव्हा चार्ल्स कोखर्सपर्गर चालवत होता. त्याच्यावर खटला झाला आणि न्यायालयानं सरकारचं म्हणणं फेटाळलं. मग मार्च १८६१ मध्ये काँग्रेसनं कायदाच बदलला. पोस्टमन ज्या वाटेनं जातो ती वाट टपालमार्ग. जानेवारी १८६२ मध्ये ब्लडचं दार बंद झालं. १ जुलै १८६३ पासून मोठ्या शहरांत पोस्टमनला पगार आणि घरोघरी मोफत वाटप सुरू झालं. यादवी युद्ध चालू होतं, क्लीव्हलँडच्या पोस्टात आघाडीवरच्या पत्रांसाठी कडाक्याच्या थंडीत ताटकळणाऱ्या बायका बघून जोसेफ ब्रिग्ज या कर्मचाऱ्यानं ही व्यवस्था सुचवली, असं तिथं सांगतात. ब्रिग्जचं काम मोठंच. पण एक शहर, तीन वेळा वाटप, आधी भरलेले पैसे, कोपऱ्याकोपऱ्यावर पेटी, हे सगळं एकवीस वर्षांपूर्वी विल्यम स्ट्रीटवर होऊन गेलं होतं, हे ब्रिग्जच्या गोष्टीत कुणी सांगत नाही.

(आपल्याकडं १८९८ च्या टपाल कायद्याच्या चौथ्या कलमानं पत्रं पोचवण्याचा हक्क केंद्र सरकारपुरता राखून ठेवला होता. २०२३ च्या नव्या कायद्यात ते कलम उरलं नाही. स्पूनरचा वाद जगात किती लांबवर आणि किती काळ चालला, याची ही खूण.)

टपालं मेली आणि नेमका तेव्हाच तिकिटं जमवण्याचा छंद अमेरिकेत आला. १८६० च्या दशकात शाळकरी मुलांपासून व्यापाऱ्यांपर्यंत सगळे अल्बम भरायला लागले आणि बंद पडलेल्या टपालांच्या तिकिटांना मागणी आली. माल थोडा, गिऱ्हाईक उदंड. न्यूयॉर्कचा जॉर्ज हसी स्वतः एका टपालाचा मालक होता, बँकांच्या सूचना वाटायचा. त्यानं स्वतःची तिकिटं तर पुन्हा छापून विकलीच, इतरांच्या टपालांचीही छापली. थॉमस वुड हा त्याचा मुद्रक. वुडच्या नोंदवहीतून कोणती नक्कल कधी किती छापली याचे तपशील पुढं अभ्यासकांना मिळाले. बनावट मालाचा असा हिशेब सापडणं दुर्मीळच. पुढं मोठा कॅटलॉगकार झालेला जे. डब्ल्यू. स्कॉट यानंही लोकल्सच्या प्रतिकृती विकल्या.

आणि या सगळ्यांचा मेरुमणी सॅम्युएल अ‍ॅलन टेलर. जन्म स्कॉटलंडचा, १८३८ चा. मॉन्ट्रियल, ऑल्बनी आणि शेवटी बॉस्टन. १८६४ मध्ये त्यानं तिकीटसंग्रहाचं नियतकालिक काढलं, उत्तर अमेरिकेतल्या अगदी पहिल्यांपैकी. आणि त्याच हातानं त्यानं नकली तिकिटांचे ढीग पाडले. खऱ्या टपालांच्या नकला केल्याच. शिवाय कधीच नसलेली टपालं जन्माला घातली. मॉन्ट्रियलची ‘बँक्रॉफ्ट्स सिटी एक्स्प्रेस’ त्याच्या डोक्यातून निघाली. पत्र कुणी वाटलं नाही, पेटी कुठं लागली नाही, तिकीट मात्र आहे. एकाच फर्म्यात चार-पाच टपालांची तिकिटं जुळवून तो हाताला येईल त्या रंगीत कागदावर छापत असे. टेलरवर राग येतो, कारण त्यानं पुढच्या पिढ्यांच्या वाटेत काटे पेरले. पन्नास-शंभर वर्षांच्या जुन्या अल्बमांत लोकल्सचं पान उघडलं तर त्यावर बहुधा टेलर, हसी आणि स्कॉट यांचंच राज्य असतं.

याच्याविरुद्ध उभे राहिले ते संग्राहकच. चार्ल्स हेन्री कॉस्टर यानं १८७७ मध्ये अमेरिकी लोकल्सचा इतिहास लिहिला. टपालांचे जुने मालक आणि नोकर तेव्हा हयात होते, त्यांना विचारता येत होतं. हाच कॉस्टर पुढं जे. पी. मॉर्गनचा भागीदार झाला आणि डबघाईला आलेल्या रेल्वे कंपन्यांची पुनर्रचना करणारा माणूस म्हणून वॉल स्ट्रीटवर गाजला. १९०० मध्ये न्यूमोनियानं गेला. हजारो पानांचे हिशेब वाचून रेल्वेच्या ताळेबंदातली खोट काढणारी नजर तरुणपणी एका सेंटाच्या तिकिटांवर घासून तयार झाली होती, असं मला नेहमी वाटतं. विसाव्या शतकात एलियट पेरी आणि आर्थर हॉल यांनी १९४२ मध्ये ग्रेगच्या शताब्दीला त्याच्या टपालाचा अभ्यास मांडला. इंग्लंडच्या डोनाल्ड पॅटननं १९६७ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या खासगी टपालांवर ग्रंथ काढला. आणि १९९८ मध्ये लॅरी लायन्स यांचे तीन खंड आले. खरं, नकली आणि निव्वळ कल्पित अशी प्रत्येक टपालाची तिकिटं शेजारी-शेजारी ठेवून ओळखण्याच्या खुणा दिलेल्या. आज या प्रांतात कुणीही पाऊल ठेवतो तो लायन्सचे खंड मांडीवर घेऊन.

ओळखतात कसं? रेषेवरून. नकली तिकीट काढणाऱ्यानं मूळ तिकीट पाहून नवं कोरलेलं असतं. बॉइडच्या गरुडाच्या पंखातल्या छटा, गोलावरच्या रेघा, अक्षरांमधलं अंतर यांत फरक पडतोच. मग कागद. १८४० च्या दशकातल्या चकचकीत कागदाचा रंग फक्त वरच्या थरात असतो, पाठ पांढरी. आणि मग कव्हर. शिक्का तिकिटावरून पाकिटावर सलग उतरतो का? तिकिटाखालचा कागद भोवतालापेक्षा उजळ आहे का? पत्त्यातला माणूस त्या साली त्या रस्त्यावर राहत होता का? शेवटचा प्रश्न मला सगळ्यांत आवडतो. त्या काळच्या अमेरिकी शहरांच्या वार्षिक निर्देशिका छापलेल्या आहेत. माणसाचं नाव, धंदा, घराचा पत्ता. अभ्यासक त्या चाळून टपालाच्या मालकाचं बिऱ्हाड शोधतात, वर्तमानपत्रातली जाहिरात शोधतात, आणि एखादं टपाल खरोखर होतं की टेलरच्या कल्पनेतलं, याचा निकाल लावतात. कित्येक वर्षं बनावट मानलेलं टपाल अशा एका जाहिरातीनं खरं ठरावं, यापरता आनंद या छंदात नाही.

मोठ्या संग्राहकांपैकी फेरारीचा संग्रह १९२१ पासून पॅरिसात विकला गेला, कॅस्परीचा १९५५ ते ५८ मध्ये न्यूयॉर्कला, डेव्हिड गोल्डन यांचा १९९९ च्या नोव्हेंबरात. या विक्रीच्या कॅटलॉगांत प्रत्येक कव्हराचा आधीचा मालक दिलेला असतो, म्हणून एकच पाकीट तीन-तीन संग्रहांतून येताना दिसतं. कसोटीसाठी न्यूयॉर्कची फिलाटेलिक फाउंडेशन १९४५ पासून दाखले देते. दाखल्याशिवाय दुर्मीळ लोकल घेऊ नये, हे मी ठामपणं सांगेन.

एक तिकीट मात्र उशिराचं असूनही सांगायलाच हवं. जुलै १८९४. पुलमन संपामुळं कॅलिफोर्नियातल्या गाड्या ठप्प झाल्या, टपाल अडकलं. फ्रेस्नो गावात आर्थर बँटा याची सायकलींची एजन्सी होती. त्यानं फ्रेस्नो ते सॅन फ्रान्सिस्को सायकलस्वारांची साखळी उभी केली. दोनशे दहा मैल, आठ स्वार, प्रत्येकानं आपला टप्पा मारायचा आणि थैली पुढच्याकडं द्यायची. दर पंचवीस सेंट, शिवाय सरकारचं दोन सेंटांचं तिकीट वेगळं. हिरवं, पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचं तिकीट घाईघाईनं कोरलं आणि त्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या स्पेलिंगमध्ये ‘सी’च्या जागी ‘एस’ पडला. चूक लक्षात आल्यावर साच्यात दुरुस्ती झाली, म्हणून दोन्ही रूपं मिळतात. महिना संपायच्या आत संप मोडला, गाड्या सुरू झाल्या आणि टपाल मिटलं. चुकीचं अक्षर असलेलं तिकीट खऱ्या प्रवासाच्या पाकिटावर असेल तर लिलावात त्यावर उड्या पडतात.

पुण्या-मुंबईच्या एखाद्या संग्राहकाला हा प्रांत धुंडाळायचा असेल तर दारं बंद नाहीत. ग्रेगचं कव्हर किंवा चार्ल्स्टनचं ऑनर आवाक्याबाहेर राहील, पण बॉइडची आणि ब्लडची साधी तिकिटं परदेशी व्यापाऱ्यांकडं बेताच्या किमतीत मिळतात. मी तर म्हणेन, त्यांच्या जोडीला टेलर आणि हसीच्या नकलाही नकला म्हणूनच मुद्दाम घ्याव्यात. त्या स्वस्त असतात. बॉइडचं एक खरं आणि एक हसीचं, दोन्ही भिंगाखाली शेजारी ठेवून गरुडाची पिसं न् पिसं ताडून पाहावीत, पाठीचा कागद उजेडात धरावा, आणि वहीत फरक लिहून ठेवावा. ब्लडच्या काळ्या तिकिटापर्यंत पोचेस्तोवर नजर पुरेशी तयार झालेली असेल.